काउन्सेलरकडे पाठवलं, आणि मुलगा गप्प झाला

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र आहे. नववीच्या एका तुकडीच्या त्या वर्गशिक्षिकाही आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

चवथीच्या सुट्टीनंतर त्यांनी वर्गाला 'माझी सुट्टी' हा निबंध दिला. एका मुलानं पानभर लिहिलं. गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानात जाऊन आणलेली फळं, रात्रीची घुमट आरती, मुंबईहून आलेले चुलतभाऊ. आणि शेवटी एक ओळ: 'कधी कधी वाटतं, झोपावं ते उठूच नये.' ती ओळ त्यानं पट्टी धरून, एकच रेघ मारून खोडली होती. मुलगा अभ्यासात मधला, क्रिकेटमध्ये पुढे, वर्गात कुणाच्या अध्यात ना मध्यात. बाईंची झोप उडाली. त्यांच्या शाळेत काउन्सेलर आठवड्यातून एकदा येतात. त्या दिवशी तास चालू असताना शिपाई वर्गात आला आणि त्यानं मुलाचं नाव घेऊन निरोप दिला. मुलगा गेला, थोड्या वेळानं परत आला, आणि तेव्हापासून 'मी बरा आहे टीचर' याशिवाय काही बोलत नाही. वर्गातली मुलं त्याला 'पेशंट' म्हणून हाक मारतात. बाईंनी आईला बोलावून घेतलं, तर त्या म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. रात्री मोबाइल बघत जागतो, म्हणून तसा झालाय." वडील मोपा विमानतळावर शिफ्टमध्ये कामाला, त्यांची भेटच होत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, "आता ते काउन्सेलरचं काम. तुम्ही पोर्शन पुरा करा." आणि काउन्सेलर म्हणतात, तो काय बोलला ते सांगता येणार नाही.

बाई विचारतात: मी त्या मुलाचा विश्वासघात केला का? आणि आता त्याला घरी बोलावून मीच त्याच्याशी बोलू, की मुख्याध्यापक म्हणतात तशी बाजूला होऊ?

टीचर, तुमचे विद्यार्थी मारतात तीच हाक मीही मारते.

तुमच्या दोन प्रश्नांच्या आधी मला एक विचारायचंय. त्या ओळीबद्दल त्या मुलाला कुणी सरळ विचारलं आहे का? तुम्ही त्याला 'बरा आहेस ना?' असं विचारलंत. आईला तो उदास दिसतो असं सांगितलंत. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं ते 'टेन्शन'बद्दल. काउन्सेलरना वही दाखवली की नाही, ते पत्रात कुठेच नाही. ज्या वाक्यानं तुमची झोप उडाली ते वाक्य तेवढं सोडून बाकी सगळं बोलून झालंय.

यात तुमचा दोष काढत नाही. विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल, अशी धास्ती शिक्षकांना आणि आईबापांना हमखास वाटते. पण तसं होत नाही. जीव द्यावासा वाटतो का, हे शांतपणे आणि स्पष्ट विचारल्यानं तो विचार रुजत नाही, असंच या विषयावरचं संशोधन सांगतं. कुणीतरी विचारल्यामुळे मन मोकळं करायला वाट मात्र मिळते. तेव्हा हे पत्र वाचाल त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या गेल्या विचारा. स्टाफरूममध्ये नको. मैदानाच्या कडेला, बालरथ म्हणजे शाळेची बस यायच्या आधी, शेजारी उभं राहून विचारा; समोरासमोर बसवलं की मुलं आवळून घेतात. एरवी तुम्ही दोघं कोंकणीत बोलत असाल तर कोंकणीतूनच. 'तू लिहून खोडलेली ओळ मी वाचली. तेव्हापासून मला तुझी काळजी लागून राहिलीय. जगू नये, जीव द्यावा, असं तुझ्या मनात येतं का?' एवढं म्हणा आणि थांबा. तो गप्प राहिला तर ती शांतता लगेच भरून काढू नका.

'हो' म्हणाला तर घाबरलेलं दाखवू नका आणि 'असं बोलू नये' म्हणू नका. किती दिवसांपासून, किती वेळा, कसं करायचं ते ठरवलंय का, हेही विचारा. त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी घरचे, मुख्याध्यापक आणि काउन्सेलर या तिघांना कळलं पाहिजे, काउन्सेलरचा वार नसला तरी फोनवर. घरातल्या गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात ठेवायला आईला सांगा. हे ऐकायला कठोर वाटतं, पण ती हाताशी नसली तर संकटाची घटका टळू शकते, आणि टळलेली घटका पुष्कळदा परत येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. धोका अगदी समोर दिसत असेल तर 108 ला फोन करून जवळचं इस्पितळ गाठा. पुढच्या उपचारांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आहे.

'नाही टीचर, असंच लिहिलं' म्हणाला तर तेही ऐकून घ्या, पण विषय मिटला असं धरू नका. 'कधी वाटलंच तर मला सांगशील?' असं म्हणून ठेवा आणि आठवड्याभरात पुन्हा विचारा. मधल्या दिवसांत लक्ष ठेवा: जीव की प्राण असलेली बॅट कुणाला देऊन टाकली का, निरोप घेतल्यासारखं बोलतो का, खेळायला यायचा बंद झाला का, बरेच दिवस कोमेजलेला असून अचानक अगदी निवांत दिसायला लागला का. शेवटची गोष्ट बघून लोकांना हायसं वाटतं. तिथेच जास्त सावध राहायला हवं.

'कुणाला सांगू नका हां' असं तो म्हणेलच, आणि तुमच्या तोंडून पटकन 'नाही सांगणार' निघून जाईल. ते वचन देऊ नका. 'तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल. पण कुणाला आणि काय सांगणार, ते आधी तुला सांगेन,' असं म्हणा. लैंगिक त्रासाची गोष्ट निघाली तर तुमच्या हातात पर्यायच नसतो. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालाही आणि मुख्याध्यापकालाही. न कळवणं हा गुन्हा ठरतो. मुलांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक तेव्हाही उपयोगी पडतो.

आता विश्वासघाताचं. माझ्या मते तुम्ही तो केला नाही. ती रेघ पुन्हा बघा. ज्याला लपवायचं असतं ते पोर पान फाडतं, नाहीतर पेन गिरवून गिरवून कागद भोकाला आणतं. यानं पट्टी धरून एकच रेघ मारली, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी, आणि वही तपासायला कोण घेणार हे त्याला ठाऊक होतं. हा माझा तर्क आहे, खात्री नव्हे. पण वाचलं जावं आणि पुसलंही जावं, असं दोन्ही त्याला एकदम हवं असेल, तर तुम्ही वाचलंत आणि हललात, यात त्याचा अर्धा हेतू पुरा झाला.

चूक झाली ती बोलावण्याच्या रीतीत. आणि ती तुमच्या एकटीची नाही, बहुतेक शाळांची रीतच तशी आहे. वर्ग चालू असताना शिपाई येतो, नाव पुकारतो, चाळीस माना वळतात. एरवी असं नाव कधी पुकारलं जातं? फी राहिली असेल किंवा कुणी तक्रार केली असेल तेव्हा. काउन्सेलरकडे जाणं हे मुलांच्या लेखी त्याच रांगेत बसलं, आणि 'पेशंट' हा शब्द तिथून आला. त्याला काउन्सेलर आवडल्या नाहीत की वर्गासमोर नाव निघालेलं लागलं, हे तुम्हाला माहीत नाही. मला दुसरं कारण जास्त शक्य वाटतं. म्हणून 'समुपदेशन त्याला लागू पडलं नाही' हा निष्कर्ष आताच काढू नका. पहिल्या भेटीत मूल समोरच्या माणसाला जोखत असतं. बोलायला सुरुवात होते ती पुढे, आणि पुढची भेट झालेलीच नाही.

त्याची माफी मागा, थोडक्यात: 'तुला सगळ्यांसमोर बोलावलं गेलं, ते नको होतं.' मग पुढची भेट कधी आणि कशी हवी ते त्यालाच ठरवू द्या. मधल्या सुट्टीत चालेल का, खेळाच्या तासाला नकोच असेल, ग्रंथालयात भेटलेलं बरं वाटेल का. काउन्सेलरशी तो कुठल्या भाषेत बोलला, तेही विचारा. गोव्यातल्या किती मुलांची ही वाट आहे: चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी हायस्कूल, घरात कोंकणी. त्या खोलीत बोलणं इंग्रजीत सुरू झालं असेल तर 'आय अ‍ॅम फाइन' याच्या पुढे त्याची गाडी जाणार कशी? मनातलं त्यानं लिहिलं ते मराठीच्या वहीत. एवढी एक माहिती काउन्सेलरना दिलीत तरी फरक पडेल. त्यांना कोंकणी-मराठी येत असेलच, फक्त सुरुवात कुठून करायची ते कळेल.

तुमचा दुसरा प्रश्न: मीच बोलू का? आस्थेनं ऐका, पण काउन्सेलर होऊ नका. हे तुम्हाला कमी लेखून सांगत नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात हायस्कूलांमधून एक मोठा प्रयोग झाला, सेहेर नावाचा. त्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या आपल्या गोव्याच्या 'संगत' संस्थेचा हात होता, आणि निष्कर्ष 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. एकच कार्यक्रम काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी चालवला, काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. कार्यकर्त्यांच्या शाळांत नववीच्या मुलांमधलं नैराश्य आणि दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. मला याचं कारण शिक्षकांच्या वेळेत आणि अधिकारात दिसतं. तुम्ही त्याच्या पेपरवर गुण देता, उशीर झाला तर वहीत शेरा लिहिता, त्याच्या आईला बोलावता. ज्याच्या हातात लाल पेन आहे त्याच्यासमोर मूल सगळं ओतणार नाही, आणि ओतलंच तर दुसऱ्या दिवशी व्याकरणाच्या तासाला तुमच्याकडे वर मान करून बघायला त्याला जड जाईल. घरी बोलावणं तर नकोच. त्यातून त्याला अधिक बोलणी खावी लागतील, आणि गावात बोलायला तोंडं कमी नसतात.

पण बाजूला होणं हाही सल्ला मी देणार नाही. काउन्सेलर आठवड्यातून एक दिवस येतात. गोवा शिक्षण विकास महामंडळातर्फे नेमलेले हे लोक असतात, आणि एकेकाला अनेक शाळा सांभाळाव्या लागतात. बाकीचे दिवस तो मुलगा तुमच्यासमोर असतो. कुणाशेजारी बसतो, डबा खातो का, गृहपाठ कुठल्या दिवसापासून यायचा थांबला, यातलं काउन्सेलरना काय दिसणार? ते तुम्हालाच दिसतं. म्हणून 'तो काय बोलला?' असं त्यांना विचारू नका. त्या सांगणार नाहीत, आणि सांगू नये हेच बरोबर आहे. सांगितलं असतं, तर उद्या दुसरं मूल त्यांच्याकडे गेलंच नसतं. विचारायचं ते असं: 'वर्गात मी त्याच्यासाठी काय करू? काय टाळू?' जीव धोक्यात असेल तर गुप्ततेला तिथे मर्यादा येते, आणि ते त्या आपणहून सांगतील. ती खोडलेली ओळ मात्र त्यांच्यापर्यंत गेलीच पाहिजे. मुलाला आधी सांगा, 'हे पान मी त्यांना दाखवणार आहे', आणि मग दाखवा.

मुख्याध्यापकांशी वाद घालू नका. त्यांच्या टेबलावर एक कागद ठेवा. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. शिकवणाऱ्या आणि न शिकवणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावं: धोक्याची लक्षणं कशी ओळखायची, मानसिक प्रथमोपचार काय, पुढे कुणाकडे पाठवायचं. टेलिमानससारख्या मदतीच्या क्रमांकांचे ठळक फलक लावावेत. या यादीत शिपाईसुद्धा आला, हे लक्षात घ्या. तुमच्या शाळेत त्या दिवशी काय बिघडलं ते बघितलं, तर न्यायालयाला हे का सुचलं ते पटतं. 'पोर्शन'ची काळजी मुख्याध्यापकांना असणारच, बोर्डाचा निकाल त्यांच्या डोक्यावर असतो. पण आठवड्यातून एक दिवस पुरत नाही, हे पालक-शिक्षक संघाच्या ठरावातून महामंडळाला आणि शिक्षण खात्याला लेखी गेलं, तर त्याला वजन येतं. तो ठराव मांडायला एखादा पालक पुढे आला तर आणखी चांगलं.

आणि आई. तुम्हाला त्या बेफिकीर वाटल्या, हे पत्रावरून कळतं. मला त्यांच्या वाक्यात भीती ऐकू येते. 'घराण्यात असलं काही नाही' म्हणणारी बाई सासरच्या चार माणसांना उत्तर देत असते, त्या वेळी तुम्ही फक्त समोर असता. पोराच्या दाखल्यावर काही येईल, उद्या नोकरीला, लग्नाला आड येईल, हे तिला वाटतंय आणि विचारायची लाज आहे. तेव्हा तिनं विचारायच्या आधीच सांगा: काउन्सेलरकडे गेल्याची नोंद गुणपत्रिकेत नसते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही नसते. डॉक्टरांकडे जावं लागलंच, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तिथली माहिती गुप्त ठेवायची असते. बांबोळीचं नाव काढल्यावर घरात दचकतात, कारण 'वेड्यांचं इस्पितळ' ही जुनी ओळख लोकांच्या तोंडून गेलेली नाही. तिथे झोप न लागणारे, छातीत धडधडणारे, अभ्यासात लक्ष न लागणारे असे कितीतरी लोक बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी जातात. त्या संस्थेच्या मूळ इस्पितळाला कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियांचं नाव होतं. मनाचा अभ्यास करणारा, जगानं दखल घेतलेला एक गोंयकार, पणजीत त्यांचा पुतळा उभा आहे. आजोबा-आजीसमोर बोलायची वेळ आली, तर तिथून सुरुवात करून बघा.

आईशी बोलताना मोबाइलचा मुद्दा खोडून काढू नका. तो रात्री जागतो, ही तुम्हाला घरातून मिळालेली पहिली खरी माहिती आहे. मोबाइलमुळे झोप जाते हे खरं, आणि झोप येत नाही म्हणून मूल मोबाइल घेतं हेही खरं. 'रात्री किती वाजेपर्यंत? कधीपासून? जेवतो का नीट?' असं विचारत गेलात, तर त्या तुमच्याशी बोलत राहतील. वडिलांना शाळेत बोलावण्याऐवजी त्यांची शिफ्ट कधी सुटते ते विचारा आणि त्या वेळी फोन करा. शिफ्टवरच्या बापाला 'पालक येत नाहीत' हा शेरा फार लागतो.

वर्गाला 'पेशंट म्हणू नका' असं फर्मान काढलंत, तर तो शब्द दबकून चालूच राहील, आणि पुन्हा त्याच्याकडेच बोट जाईल. काउन्सेलरना विनंती करा की पुढच्या फेरीत त्यांनी अख्ख्या तुकडीचा एक तास घ्यावा, आणि मग हजेरीच्या क्रमानं सगळ्यांनी पाच-पाच मिनिटं त्यांना भेटून यावं: पहिल्या नंबरचा हुशार मुलगा, कबड्डीचा कॅप्टन, सगळे. सेहेरच्या शाळांत मुलांसाठी पत्रपेटी ठेवली होती; नाव न लिहिता चिठ्ठी टाकता यायची. तुमच्याकडेही तशी पेटी लावता येईल. तिची किल्ली मात्र काउन्सेलरकडेच राहू द्या. आणि ज्या दोघा-तिघांनी तो शब्द सुरू केला, त्यांच्याशी वेगवेगळं बोला. शब्द सुरू करणाऱ्याच्या घरातही पुष्कळदा काहीतरी शिजत असतं, त्यामुळे त्यांनाही केवळ दटावून सोडू नका.

शेवटचं तुमच्याबद्दल. तो 'हो' म्हणाला किंवा 'नाही' म्हणाला, त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही एकट्या घरी जाऊ नका. मुलाचं नाव न घेता एखाद्या सहकारी शिक्षिकेशी बोला. 14416 वर तुम्हीही फोन करू शकता, तो फक्त मुलांसाठी नाही. आणि त्याच्याशी बोलणं झालं की मला दोन ओळी लिहा. मी वाट बघते आहे.